कोकणातल्या घरात जॅझचा पहिला अल्बम: खोली, माइक, हक्क आणि प्रकाशन

प्रश्न थोडक्यात असा: टेनर सॅक्सोफोन, इलेक्ट्रिक गिटार, डबल बास आणि ड्रम्स असा चौघांचा गट आहे, आठ रचना बसल्या आहेत, पैसे बेताचेच आहेत. मुंबईत स्टुडिओ घेऊन एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करावं, की गुहागरजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या जुन्या चिरेबंदी घरात एकत्र वाजवावं? महिना कोणता निवडावा? आठांपैकी एक रचना अभंगाच्या चालीवर आहे आणि एक जुन्या मराठी चित्रपटगीतावर, त्यांचं काय? आणि अल्बम बाहेर काढायचा कसा?

घरातच वाजवा. चौघंही एकाच खोलीत, शक्यतो हेडफोन न लावता. जॅझमध्ये ड्रमर सोलो वाजवणाऱ्याच्या श्वासाकडे बघून ब्रश हलवतो आणि बासवाला राइड सिंबलच्या ठोक्याला चिकटून चालतो. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या केबिनमध्ये वाजवलेल्या चार पट्ट्या (ट्रॅक) नंतर जोडून हे मिळत नाही. रूडी व्हॅन गेल्डर यांनी १९५०च्या दशकात न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात जॅझच्या तबकड्या रेकॉर्ड केल्या. तेव्हा दिवाणखाना ही काही कमीपणाची जागा नव्हे. मात्र एकत्र वाजवण्याची किंमत आधी समजून घ्या. प्रत्येक माइकमध्ये बाकी तिघांचा आवाज येणार, म्हणजेच ब्लीड. त्यामुळे सॅक्सोफोनची एक चुकलेली ओळ नंतर एकट्याने बदलता येणार नाही, कारण जुनी ओळ ड्रम्सच्या माइकमध्ये पुसट ऐकू येतच राहील. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात.

आधी महिना. जून ते सप्टेंबरचा विषयच नको. कौलांवरचा पाऊस कुठल्याही फिल्टरने निघत नाही. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंखा लावून रेकॉर्ड करता येत नाही. गणपती आणि शिमगा तुम्हाला सांगायला नकोतच, पण गावच्या जत्रेची तारीखही बघून ठेवा, त्या रात्री माइक उघडायचा नाही. उरलेल्यांत सर्वांत चांगले डिसेंबर आणि जानेवारी. तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, डबल बास शहाण्यासारखा वागतो, रातकिडेही कमी असतात. रातकिड्यांची किरकिर साधारण चार ते आठ किलोहर्ट्झमध्ये बसते, म्हणजे नेमकी सिंबलच्या जागेवर. ती काढायला गेलात तर सिंबलही जाते. या महिन्यांची एकच अडचण आहे. हापूसला मोहोर आलेला असतो आणि बागांतून फवारणीचे एचटीपी पंप सुरू असतात. त्या इंजिनाचा आवाज वाडी ओलांडून येतो. आजूबाजूच्या चार-पाच बागायतदारांना भेटून त्यांचे फवारणीचे दिवस विचारून घ्या. हे काम मोबाइलवर उरकू नका, घरी जाऊन करा.

मग तिथी. अर्ध्या किलोमीटरवर गाज ऐकू येणारच, पण ती दिवसभर सारखी नसते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला मात्र सव्वाअकराच्या आसपास पाणी भरतं, वर उधाण, आणि तुमच्या सकाळच्या सेशनचा बळी जातो. म्हणून षष्ठी ते दशमी हे पाच दिवस धरा: ओहोटी साधारण पावणेअकरा ते दीडच्या दरम्यान येते, शिवाय भांगाचे (मंद भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने पाण्याला जोर कमी. दुपारनंतर खारा वारा सुटला की माडांच्या झावळ्या वाजू लागतात. त्यामुळे काम सकाळी साडेआठ ते एक, आणि एखादी संथ रचना ठेवायची असेल तर ती रात्री, वारा पडल्यावर.

खोली निवडताना माजघर आणि ओटी दोन्हींकडे टाळी वाजवून बघा. टाळीनंतर भिंतींमधून फडफडल्यासारखा आवाज परत आला तर त्या दोन भिंती समोरासमोर गुळगुळीत आहेत. गिलावा न केलेल्या चिऱ्याची भिंत खडबडीत आणि सच्छिद्र असते, ती वरच्या स्वरांची चकाकी थोडी विस्कटून टाकते. सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारलेली भिंत सगळं जसंच्या तसं परत फेकते. कौलारू छप्पर उतरतं असल्याने जमिनीला समांतर नसतं, हा मोठा फायदा. तोटा हा की आवाज कौलांतून जसा बाहेर जातो तसाच आतही येतो. स्लॅबची खोली बंदिस्त वाटते, पण बासला ती फार घुमवते.

घुमण्याचंच गणित बघा. जुन्या घरांत चौदा फूट रुंदीचं माजघर सहज सापडतं. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बसणारी पहिली अनुनादी लहर साधारण ४१ हर्ट्झची. डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार, ई, ४१.२ हर्ट्झला बोलते. म्हणजे बासवाला भिंतीला चिकटून उभा राहिला तर तो एकच स्वर फुगून सगळ्यांवर चढेल, आणि खोलीच्या बरोबर मध्यात उभा राहिला तर तोच स्वर गायब होईल. त्याला भिंतीपासून साडेचार-पाच फुटांवर उभं करा, ई वाजवत एकेक फूट मागेपुढे सरकायला सांगा आणि चारही तारा सारख्या ऐकू येतील तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. या वीस मिनिटांनी मिक्सिंगचे काही तास वाचतात.

मांडणी अर्धवर्तुळाकार ठेवा, दोघांत सहा ते आठ फूट अंतर, प्रत्येकाला बाकी तिघांचे डोळे दिसले पाहिजेत. ड्रम्सखाली जाड सतरंजी. गिटारचा ॲम्प्लिफायर लहान घ्या, खुर्चीवर ठेवा आणि तोंड ड्रम्सच्या उलट दिशेला करा. ड्रम्स आणि बास यांच्यामध्ये आडोसा हवा तर लाकडी बाज उभी करून तिच्यावर दोन गाद्या बांधा. कमरेच्या थोडी वर, डोळ्यांच्या खाली. भिंतींवर सगळीकडे गोधड्या टांगू नका. गोधडी फक्त वरचे स्वर शोषते, खालचे तसेच राहतात आणि खोली कोंदट होते. एका गुळगुळीत भिंतीवर दोन-तीन गोधड्या, भिंतीपासून वीतभर पुढे, पुरेशा आहेत.

आठ इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) भाड्याने घ्या. माइकही विकत घेऊ नका. पहिल्या अल्बमला यंत्रं विकत घेण्यात जाणारा पैसा मिक्सिंग (पट्ट्या मिसळणं) आणि मास्टरिंगला (प्रकाशनाआधीचा शेवटचा हात) लागतो. आठ इनपुट असे वापरा: ड्रम्सवर दोन ओव्हरहेड (वरून रोखलेले) आणि एक किकला (पायाने वाजणाऱ्या ड्रमला), बासला माइक आणि वाद्यावरच बसवलेला पिकअप मिळून दोन, गिटारच्या ॲम्पला एक, सॅक्सोफोनला एक. आठवा खोलीचा माइक, सहा-सात फूट उंच, अर्धवर्तुळाच्या उघड्या बाजूला. स्नेअरला (ड्रमरच्या पुढ्यातल्या करकरीत ड्रमला) वेगळा माइक बहुतेक वेळा लागत नाही. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरपासून दोरीने मोजून समान अंतरावर ठेवले की स्नेअर मध्यभागी आणि घट्ट येते.

बासचा माइक घोडीच्या समोर, एफ-छिद्राच्या किंचित वर, साधारण एक वीत ते एक फूट अंतरावर. फिगर-एट माइक मिळाला तर फार चांगलं: त्याच्या दोन्ही कुशी बहिऱ्या असतात, त्यातली एक ड्रम्सकडे वळवायची. पिकअपचा आवाज रबरी असतो, तो मिक्समध्ये आधारापुरता. सॅक्सोफोनचा माइक घंटेच्या तोंडात घालू नका. खालचे स्वर घंटेतून बाहेर पडतात, पण बाकीचे बरेचसे उघड्या चाव्यांच्या छिद्रांतून. म्हणून दीड फुटावरून घंटेचा काठ आणि डाव्या हाताच्या चाव्या यांच्या मधोमध रोखा. रिबन माइक असेल तर टेनरला तोच लावा. गिटारला साधा डायनॅमिक, स्पीकरच्या मध्यापासून दोन इंच बाजूला.

दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येकाच्या स्वतःच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट असावं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. आठ फुटांवरचा सॅक्सोफोन ड्रम्सच्या माइकमध्ये सात मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही पट्ट्या मिळाल्या की स्वर पोकळ होतो. तो पोकळपणा माइक सरकवूनच जातो, इक्वलायझरने नाही. ब्लीड असणारच आहे; ते कानाला गोड लागलं पाहिजे, एवढंच बघायचं.

वीज. इथे कोकणात सर्वांत जास्त सेशन बिघडतात ते यानेच. जांभ्याची जमीन पावसाळ्यानंतर झपाट्याने कोरडी होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. मग गिटारमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्यावर १०० हर्ट्झची घरघर. गावच्या वायरमनकडून आठवडाभर आधी खड्ड्यात पाणी सोडून घ्या, गरज असेल तर मीठ-कोळसा भरून घ्या, आणि न्यूट्रल व अर्थमधला दाब मोजून घ्या. दोन व्होल्टच्या वर दिसला तर आधी दुरुस्ती. इंटरफेस, लॅपटॉप, ॲम्प सगळं एकाच बोर्डावरून चालवा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन कापणारा एक तरी हुशार प्रत्येक गावात असतो, त्याला त्या दिवशी घरात घेऊ नका. तार हातात धरून वाजवणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. वीज जातेच, म्हणून इन्व्हर्टर हवा, पण शुद्ध साइन वेव्हचा. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर गिटारचे पिकअप मधमाश्यांसारखे वाजतात. फ्रिज आणि विहिरीचा पंप सेशनपुरते बंद.

कंडेन्सर माइकला दमट हवा सोसत नाही. कॅप्सूलवर ओलावा बसला की मध्येच फटफट, चरचर येते आणि ती नेमकी बासच्या सोलोत येते. माइक रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, सकाळी वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. सॅक्सोफोनचे जी-शार्प आणि खालच्या सी-शार्पचे पॅड खारट हवेत चिकटतात; टिपकागद दाबून ओढला की पुष्कळदा सुटतात. डबल बास मुंबईच्या वातानुकूलित स्टुडिओत नेला असता तर दमट हवेतून एकदम कोरड्यात गेल्यावर तारांची उंची बदलली असती, जुन्या वाद्याचे सांधेही उकलू शकले असते. घरी राहण्याच्या बाजूने हेही एक कारण.

सूर दर टेकआधी (टेक म्हणजे रचनेचं एक सलग वादन) ४४० हर्ट्झवर तपासा. ऊन वाढलं की सॅक्सोफोन चढतो आणि तारा उतरतात. सकाळी नऊचा टेक आणि दुपारी साडेबाराचा टेक कागदावर दोन्ही उत्तम असले तरी एकमेकांना जोडता येत नाहीत, ते याच कारणाने.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. सर्वांत जोराच्या जागी उणे १० ते उणे १२ डीबीपर्यंत काटा गेला की पुरे. लाल दिव्याजवळ जाण्याची गरज टेपबरोबर संपली. एक पट्टी तासाला साधारण ५२० एमबी घेते, आठ पट्ट्या तासाला चार जीबीच्या वर. दर दिवशी संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्याच्या घरी.

पहिला दिवस फक्त मांडणीचा. त्या दिवशी सोपी रचना वाजवून ऐका आणि पुसून टाका. पुढचे दोन दिवस रेकॉर्डिंगचे, चौथ्या दिवसाची सकाळ राखीव. दर रचनेचे तीन टेक. तिसऱ्यातही नाही जमली तर पुढची घ्या आणि तिच्याकडे दुसऱ्या दिवशी परत या. चौथ्या-पाचव्या टेकला चुका कमी होतात, पण ऐकणंही कमी होतं. सर्वांत अवघड रचना दिवसात दुसरी ठेवा. वाजवताना कानात मेट्रोनोमचा क्लिक नको, पण टेकच्या आधी एकाने मेट्रोनोम कानाला लावून ठरलेली लय मोजून द्यावी, म्हणजे टेक एकमेकांशी जुळतील. कागदावर लिहीत जा: टेक क्रमांक, लय, कुठला सोलो चांगला, कुठे खुर्ची करकरली. शेवटचा सिंबल पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. आणि दर दिवशी तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवा, जोडकामात दोन सोलोंमधली फट भरायला तो लागतो.

जोडकाम होतं ते पूर्ण आठ पट्ट्या एकदम कापून. दुसऱ्या टेकचा सुरुवातीचा हेड (रचनेची मूळ धून) आणि तिसऱ्या टेकमधले सोलो, असं. जोड हेड संपून सोलो सुरू होतो त्या ठोक्यावर द्या, सिंबल नुकतीच वाजली असेल तिथे. तिचा झणत्कार सांधा झाकतो.

मिक्सिंग अशा माणसाकडे द्या ज्याने ध्वनिक वाद्यं मिसळली आहेत. आधी ओव्हरहेड आणि खोलीचा माइक उघडून पूर्ण गट उभा करायचा, मग जे कमी पडतं त्याचा जवळचा माइक वाढवायचा. उलट क्रमाने गेलात की चार वाद्यं चार खोल्यांत बसल्यासारखी वाटतात. किक आणि बासची ध्रुवता उलटसुलट करून बघा. ज्या बाजूला खालचे स्वर भरतात ती बरोबर. मास्टरिंगला सांगताना सरासरी पातळी उणे १६ ते उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणि ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) उणे १ डीबी असं सांगा. स्पॉटिफाय सगळ्यांना उणे १४च्या आसपास आणतं, ॲपल उणे १६ला. दाबून मोठा केलेला अल्बम तिथे खाली ओढलाच जातो, दबलेली ब्रशकारी मात्र परत येत नाही.

आता हक्क, आणि इथे तुमचा अल्बम अडकू शकतो. अभंगाचे शब्द तुकोबांचे असतील तर ते सर्वांचे. चाल मात्र कोणाची? पारंपरिक भजनी चाल असेल तर प्रश्न नाही. पण श्रीनिवास खळे यांच्यासारख्या संगीतकाराने बांधलेली असेल तर तिच्यावर हक्क आहे. भारतात तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. ‘वाद्यांवरच वाजवतोय, गात नाही’ हा बचाव चालत नाही, कारण संरक्षित आहे ती चालच.

चित्रपटगीताचं अजून कठीण. १९५७च्या कायद्यातलं कलम ३१ सी कव्हर व्हर्जनला (दुसऱ्याची रचना नव्याने रेकॉर्ड करण्याला) वाट देतं: पहिल्या रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असावीत, आधी सूचना द्यावी, आणि दर रचनेला वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं. तुमच्या आकाराच्या गटाला हा आकडाच बाहेर ठेवतो. त्यावर तेच कलम सांगतं की तांत्रिक गरजेपलीकडे मूळ रचनेत बदल करायचा नाही. आणि तुम्ही तर तिचे सगळे कॉर्ड बदलून मध्ये चार मिनिटांचे सोलो घातले आहेत. म्हणजे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिची लेखी परवानगी, किंवा ती रचना अल्बममधून बाहेर. माझं मत: ती वगळा. सात रचनांचा चाळीस-बेचाळीस मिनिटांचा अल्बम आठांपेक्षा चांगला ऐकला जातो.

चौघांत एक पानाचा करार आत्ताच करा, पैसे यायच्या आधी. रचना कोणाची, मांडणी कोणाची, रेकॉर्डिंगचा मालक कोण, खर्च वजा करून वाटणी कशी, आणि एखादा गट सोडून गेला तर काय. कायद्याच्या नजरेत ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. कागद नसेल तर ज्याच्या नावाने भाड्याची बिलं फाटली तोच मालक ठरू शकतो. कोणाला हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. रचनाकारांनी आयपीआरएस या रचनाकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेऊन रचना प्रकाशनाआधी नोंदवाव्यात.

प्रकाशनासाठी डिजिटल वितरक (स्पॉटिफाय-ॲपलसारख्या सेवांवर अल्बम पोचवणारी कंपनी) निवडा आणि सगळा माल तारखेच्या चार आठवडे आधी चढवा. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक लागतो, बहुतेक वितरक तो स्वतः देतात. तो लिहून ठेवा, वितरक बदलला तरी तोच वापरायचा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा कोणाचा लोगो नको, चित्र परत येतं. गटाच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा, नाहीतर तुमच्या नावाचे दोन वेगळे कलाकार तयार होतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एक ट्रॅक सुचवता येतो, पण तारखेच्या निदान सात दिवस आधी. सुचवताना सर्वांत लांब रचना देऊ नका; पाच मिनिटांच्या आतली आणि जिच्यात हेड लवकर येतो ती द्या.

पैशांची अपेक्षा तिथून ठेवू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही, आणि पहिल्या जॅझ अल्बममधले काही ट्रॅक तिथवर पोचत नाहीत. विक्रीसाठी बँडकॅम्प ही संगीत विकणारी वेबसाइट ठेवा. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, पूर्ण दर्जाची फाइल देतात आणि विकत घेणाऱ्याचा ईमेल तुमच्याकडे राहतो. पुढच्या कार्यक्रमाचं निमंत्रण त्याच यादीवर जातं. सीडी काढायच्याच असतील तर चिपळूण, रत्नागिरी, पणजी इथल्या कार्यक्रमांत टेबलावर ठेवण्यापुरत्या, शंभरेक. तबकडीचा मोह झाला तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून जास्त बसवू नका, आणि रचनांचा क्रम त्या हिशेबाने मास्टरिंगच्या आधीच ठरवा, नंतर बदलला की मास्टरिंगचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागतात.